ब्रिटनच्या इमिग्रेशनच्या बातम्या कशा वाचायच्या: पोरं तिकडे पाठवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

वाशी असो, नेरूळ असो की आमचा घोडबंदर रोड, ज्या घरातलं पोरगं यूकेला आहे किंवा जायची तयारी करतंय त्या घरात सतत काहीतरी नवीन टेन्शन असतं. कधी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतो की ब्रिटनने भारतीयांचे व्हिसे बंद केले, कधी टीव्हीवर लंडनच्या मोर्चाचे व्हिडिओ, कधी कन्सल्टंटचा फोन की आजच्या आज फी भरा, नियम बदलतायत. यातलं थोडं खरं असतं, बरंचसं अर्धवट असतं, पण घरचे सगळ्यालाच सारखे घाबरतात. आणि त्या घाबरण्यात घर तारण ठेवून काढलेल्या लोनचे निर्णय होतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी बघा, बातमी नक्की कोणाबद्दल आहे

तिकडे इमिग्रेशनवरून तीन वेगवेगळी भांडणं चालू आहेत आणि चॅनेलवाले तिन्ही एकाच मथळ्यात कोंबतात.

पहिलं भांडण बोटींचं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रबरी बोटीत बसून लोक इंग्लिश खाडी ओलांडतात, सगळ्यात अरुंद जागी ती साधारण 33 किलोमीटर आहे, आणि पलीकडे पोचल्यावर आश्रय मागतात. 2018 ला असे लोक वर्षभरात 300 च्या आत होते, 2022 ला 45 हजारांच्या वर गेले. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी एप्रिल 2022 ला यांना थेट रवांडाला पाठवायची योजना आणली, नोव्हेंबर 2023 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती बेकायदा ठरवली, मग सरकारने रवांडा सुरक्षित आहे असा कायदाच केला, आणि जुलै 2024 ला लेबर पक्षाचे कीर स्टार्मर पंतप्रधान म्हणून निवडून आल्या आल्या ती योजना गुंडाळली. नंतर फ्रान्सबरोबर करार झाला की बोटीने आलेला एक परत घ्या, त्याबदल्यात आम्ही तुमच्याकडून एकाला रीतसर मार्गाने घेतो. आश्रय मागणाऱ्यांना सरकार हॉटेलात ठेवतं, त्या हॉटेलांबाहेर 2025 च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एपिंग गावात आणि बाकी ठिकाणी आंदोलनं झाली. तुम्ही टीव्हीवर बघता ती बहुतेक दृश्यं या भांडणातली असतात.

दुसरं भांडण कायदेशीर व्हिशांचं, म्हणजे स्टुडंट, स्किल्ड वर्कर, केअर वर्कर (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणारे). आपल्या पोरांचा संबंध इथे येतो. तिसरं भांडण, तिथे गेलेल्याला कायमचं राहायला कधी मिळणार, म्हणजे आयएलआर, ज्याला आपण सरळ पीआर म्हणतो.

प्रमाण लक्षात ठेवा. जून 2025 ला संपलेल्या वर्षात यूकेत साधारण 8 लाख 98 हजार लोक राहायला आले, हा तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याचा, ओएनएसचा अंदाज. त्याच वर्षात बोटीने आले साधारण 43 हजार. म्हणजे शंभरातले पाच. पण टीव्हीवर शंभरातला नव्वद वेळ त्या पाचांवरच जातो, त्यामुळे आई-वडिलांना वाटतं की आपल्या मुलाला पण तसंच पकडून परत पाठवतील. तसं नसतं. ज्याच्याकडे वैध व्हिसा आहे, जो कॉलेजला हजर राहतो, टर्ममध्ये आठवड्याला 20 तासांच्या वर काम करत नाही, त्याचा बोटींच्या कायद्याशी काही संबंध नाही.

मग बघा, बातमी कुठल्या पायरीवर आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. आपल्याकडे मंत्री सभेत काहीतरी जाहीर करतो तेव्हा आपण काय विचारतो? जीआर निघाला का? बस, तोच प्रश्न ब्रिटनच्या प्रत्येक बातमीला विचारायचा.

तिकडच्या पायऱ्या अशा. नेता भाषण करतो किंवा पक्ष वचन देतो, याने तुमच्या व्हिशाचं काहीच बदलत नाही. मग सरकार व्हाइट पेपर काढतं, म्हणजे आम्ही हे करणार आहोत असं धोरण. कधी कधी त्यावर कन्सल्टेशन होतं, लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. आणि शेवटी होम ऑफिस, म्हणजे तिथलं गृहखातं, पार्लमेंटपुढे स्टेटमेंट ऑफ चेंजेस ठेवतं, ज्यात इमिग्रेशन रूल्समधलं कुठलं कलम कधीपासून बदलणार ते तारखेसकट लिहिलेलं असतं. हा त्यांचा जीआर. साधारणपणे तो ठेवल्यावर निदान 21 दिवसांनी लागू होतो, घाईत कधी कधी त्याआधी पण लागू करतात. प्रत्येक बदलाला नवीन कायदा पास व्हावा लागत नाही, 1971 च्या इमिग्रेशन अ‍ॅक्टने सरकारला हे रूल्स बदलायची सोय दिलीये, त्यामुळे तिकडचे नियम एवढे भराभर बदलतात.

उदाहरण घ्या. 12 मे 2025 ला स्टार्मर सरकारने व्हाइट पेपर काढला. त्याच दिवशीच्या भाषणात ते म्हणाले की आपण अनोळखी लोकांचं बेट होऊन बसायचा धोका आहे, त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्या महिन्यात त्यांनीच त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे सगळी चर्चा त्या भाषणाची झाली. पण त्याच पेपरातले काही मुद्दे 22 जुलै 2025 ला खरोखर लागू झाले: स्किल्ड वर्करचा साधारण पगाराचा उंबरठा 38,700 पौंडांवरून 41,700 झाला, बहुतेक नोकऱ्यांना पदवीच्या लेव्हलची अट आली, आणि परदेशातून नवीन केअर वर्कर आणणं बंद झालं. ही तारीख आपल्या नर्सिंग आणि केअरगिव्हर कोर्स करणाऱ्या मुलींसाठी त्या भाषणापेक्षा कितीतरी महत्त्वाची होती.

पीआरचं पण असंच. पाच वर्षांऐवजी दहा वर्षं करायची हे त्या व्हाइट पेपरात होतं. नोव्हेंबर 2025 ला होम सेक्रेटरी, म्हणजे गृहमंत्री, शबाना महमूद यांनी सविस्तर प्रस्ताव मांडला: साधारण दहा वर्षं, जास्त पगारवाल्यांना कमी, पदवीच्या खालच्या कामावर आलेल्यांना पंधरा, आणि जे आधीच तिथे आहेत पण पीआर मिळालेला नाही त्यांनाही हे लावायचा विचार. त्यावर 12 फेब्रुवारी 2026 पर्यंत मतं मागवली होती. म्हणजे हरकती-सूचनांची पायरी. कोणी दहा वर्षं झालीच असं ठासून सांगितलं तर त्याला स्टेटमेंट ऑफ चेंजेसचा नंबर विचारा, बहुतेकदा तो एचसी असा नंबर असतो. आणि कोणी सांगितलं की काळजी करू नका, पाचच राहणार, तर त्याच्यावर पण विश्वास ठेवू नका.

तारीख आणि "कोणाला लागू" हे दोन शब्द शोधा

नियम लागू झाला म्हणजे सगळ्यांना झाला असं नाही. बघायचं की तो तुम्ही अर्ज कधी केला यावर आहे, कोर्स कधी सुरू झाला यावर आहे, की कधी गेलात यावर.

ग्रॅज्युएट रूटचं बघा, शिक्षण झाल्यावर तिथे राहून नोकरी शोधायचा जो व्हिसा. अशी सोय आधी पण होती, ती एप्रिल 2012 ला थेरेसा मे होम सेक्रेटरी असताना बंद केली, मग 1 जुलै 2021 पासून दोन वर्षांची परत आली, पीएचडीला तीन. आता ठरलंय की 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिने मिळतील, पीएचडीला तीनच. इथे अर्जाची तारीख महत्त्वाची आहे. सप्टेंबर 2025 ला एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्या मुलाचं युनिव्हर्सिटीने 2026 संपायच्या आत कोर्स पूर्ण झाल्याचं कळवलं आणि त्याने 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज केला तर त्याला दोन वर्षं. सप्टेंबर 2026 ला जाणाऱ्याला 18 महिनेच, आणि त्याने लोनच्या हप्त्यांचं गणित 18 महिन्यांवरच करावं. सहा महिने कमी म्हणजे सहा महिने कमी पगार, शिवाय त्या मुदतीत स्पॉन्सर, म्हणजे वर्क व्हिशासाठी जबाबदारी घेणारी कंपनी, शोधून नोकरी मिळवायची. घरी कागद-पेन घेऊन हे बसून मांडा, प्लीज.

तसंच 1 जानेवारी 2024 पासून कोर्स सुरू होणाऱ्या मास्टर्सच्या मुलांना नवरा-बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत, रिसर्चच्या डिग्र्या सोडून. अजून लोक विचारतात म्हणून सांगितलं.

हे सगळं का चाललंय ते पण समजून घ्या

नाहीतर प्रत्येक बातमी आभाळातून पडल्यासारखी वाटते. 2010 ला कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून म्हणाले होते की नेट मायग्रेशन, म्हणजे आलेले वजा गेलेले, एक लाखाच्या खाली आणू. त्यांच्या काळात कधी आलंच नाही. 2016 ला ब्रेक्झिटचं मतदान झालं, त्यात सीमेवर आपला ताबा हा मोठा मुद्दा होता. 2021 पासून युरोपियनांची मोकळी ये-जा बंद झाली आणि पॉइंटवाली सिस्टिम आली, आणि झालं उलटंच, आकडा 2023 च्या सुरुवातीला 9 लाखांच्या वर गेला. भारतातून, नायजेरियातून विद्यार्थी आणि केअर वर्कर गेले, युक्रेन आणि हाँगकाँगचे लोक आले. ज्या मतदाराला कमी होईल असं सांगितलं होतं त्याचा संताप तिथून आहे, घरभाडी आणि हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टा त्यात भर घालतात. दुसऱ्या बाजूला तिथली वृद्धाश्रमं बाहेरच्या माणसांशिवाय चालत नाहीत आणि युनिव्हर्सिट्या आपल्या पोरांच्या फीवर तगून आहेत. ठाण्यात परप्रांतीयांवरून जे राजकारण झालं ते बघितलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल, फरक एवढाच की तिकडे परप्रांतीय आपण आहोत.

आता पक्ष बघा. 2024 ला नियम कडक केले ते कंझर्व्हेटिव्हांनी, 2025 ला अजून कडक केले ते लेबरने. निगेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला जुलै 2024 च्या निवडणुकीत 14 टक्के मतं आणि फक्त 5 जागा होत्या, पण पुढच्या वर्षी ते ओपिनियन पोलमध्ये पुढे गेले आणि सप्टेंबर 2025 ला त्यांनी आयएलआरच रद्द करायचं वचन दिलं. म्हणून बाकीचे पक्ष पण त्याच दिशेला पळतायत. माझं स्पष्ट मत आहे की सरकार बदललं तर नियम सैल होतील या आशेवर कोणी पैसे लावू नयेत. जून 2025 च्या वर्षात नेट आकडा 2 लाख 4 हजारांवर उतरलाय, तरी भाषा मऊ झालेली नाही.

कन्सल्टंटकडे जायच्या आधी

स्टेशनबाहेर, गोखले रोडला, वाशीत मजल्या-मजल्यावर ऑफिसं आहेत. चांगली माणसं पण आहेत त्यात. पण विचारायचे प्रश्न तुमच्याकडे तयार पाहिजेत.

नोकरीचं सांगत असतील तर कंपनीचं नाव मागा आणि गव्ह डॉट यूकेवरच्या लायसन्स असलेल्या स्पॉन्सरांच्या यादीत स्वतः शोधा, ती यादी फुकट आहे आणि कोणालाही डाउनलोड करता येते. पण नाव यादीत आहे म्हणून नोकरी खरी असं होत नाही, मधल्या काळात शेकडो केअर कंपन्यांची लायसन्स गेली आणि पैसे भरून गेलेली माणसं तिथे अडकली. सीओएस, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, याचे पैसे कोणी मागितले तर तिथेच उठून या. ती फी कंपनीने भरायची असते, 31 डिसेंबर 2024 पासून ती स्किल्ड वर्करच्या माथी मारायला बंदी आहे. आमच्या ओळखीतल्या एका घराने सोनं मोडून असे पैसे दिले, ती मुलगी अजून इथेच आहे. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला भारत सरकारचं रजिस्ट्रेशन लागतं, ते ई-मायग्रेटच्या साइटवर दिसतं. आणि तिथे राहून सल्ला देणारा असेल तर तो इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे रजिस्टर आहे का किंवा वकील आहे का बघा, तसं नसताना सल्ला देणं तिकडे गुन्हा आहे.

खर्च विचारताना ट्युशन फीवर थांबू नका. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे, विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड, नोकरीवाल्याला 1,035, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरावा लागतो. बँकेत दाखवायचे राहण्याखाण्याचे पैसे नोव्हेंबर 2025 पासून लंडनला महिन्याला 1,529 आणि बाहेर 1,171 पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, आणि ते सलग 28 दिवस खात्यात पडून हवेत. मामाकडून उसने आणून दोन दिवस दाखवले की व्हिसा जातो.

मोर्च्यांचे व्हिडिओ आल्यावर

13 सप्टेंबर 2025 ला लंडनमध्ये एक लाखाच्या वर लोकांचा मोठा इमिग्रेशनविरोधी मोर्चा झाला, त्याआधी 2024 च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाल्यानंतर खोट्या अफवांवरून बऱ्याच शहरांत दंगली झाल्या. भीती वाटणं साहजिक आहे आणि मुलांना तिकडे त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण व्हिडिओ आला की आधी गाव आणि तारीख बघा, मुलाचं गाव तिथून किती लांब आहे बघा, मग फोन करा. फोनवर परत ये म्हणू नका, विचारा की रात्रीची शिफ्ट आहे का, सोबत कोण आहे, युनिव्हर्सिटीच्या सिक्युरिटीचा नंबर सेव्ह आहे का. त्रास झालाच तर पोलिसांत हेट क्राइम म्हणून नोंदवायला सांगा, तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही, ही भीती आपल्या पोरांच्या मनात फार असते.

आणि एक काम आजच करून घ्या. प्लास्टिकचं बीआरपी कार्ड, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं कार्ड, आता गेलं, सगळं ई-व्हिसावर आहे, ऑनलाइन अकाउंटमध्ये. त्यात मुलाचा चालू ईमेल आणि फोन नंबर आहे का बघायला सांगा, जुना भारतातला बंद पडलेला नंबर असेल तर तिथे लॉगिनच होत नाही. पासपोर्ट नवीन काढला असेल तर तो त्या अकाउंटला जोडायचा. सुट्टीला घरी आला की परतीच्या फ्लाइटच्या आधी हे उघडून बघायचं, एअरपोर्टच्या लायनीत नाही.