तात्पर्य विचारायची घाई नको: चित्रपुस्तकं वाचून दाखवताना या चुका टाळा

गोष्ट संपते आणि लगेच आईचा प्रश्न येतो, "मग, यातनं काय शिकलास?" चार वर्षांचं पोर आईच्या तोंडाकडं बघतं आणि तिला हवं ते उत्तर देतं, "सगळ्यांशी चांगलं वागायचं." आई खूश. दोन मिनिटांनी तेच पोर धाकट्या भावाच्या हातातली मोटार हिसकावून घेतं. कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या घरी दर शनिवारी मुलं गोष्टी ऐकायला येतात. हा प्रसंग तिथं इतक्यांदा बघितलाय की आता लिहायलाच बसले.

तात्पर्य मोठ्यांना लागतं. मुलाला चित्रातल्या कुणापाशी तरी थोडा वेळ थांबायचं असतं, आणि आपण पान उलटतो. मीही उलटलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीत पाणी शिरलं आणि तिथली एक साडेपाच वर्षांची मुलगी आमच्या गल्लीत मावशीकडं राहायला आली. शनिवारी तीही आली. मी पावसाचं एक पुस्तक काढलं होतं. पानभर कागदी होड्या, मुलं हसालेली. कोपऱ्यात पायरीवर एक भिजलेलं कुत्रं, अंगठ्याएवढं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "बाई, ह्याला वर कोण घेतलं न्हाई काय?" अजून बरीच पानं राहिली होती. मी म्हटलं, "पुढं बघू हं," आणि पान उलटलं. शेवटी विचारलं, "मुक्या प्राण्यांशी कसं वागायचं?" सगळे एका सुरात, "प्रेमानं!" ती तेवढी गप्प. नंतर मावशीनं सांगितलं, बोटीतनं बाहेर पडताना शेजारचं कुत्रं जिन्यावरच राहिलं होतं.

पुढच्या शनिवारी मी तेच पान उघडून बसले. वीस मिनिटं तेवढं एकच पान. कुणी म्हणालं, त्याला थंडी वाजालीय. कुणी म्हणालं, होडी कागदाची हाय, त्याचा काय उपयोग. शेजारी बसलेल्या पोरानं तिला विचारलं, "तुझं दप्तर पण भिजलं काय?" मग ती बोलायला लागली. ते पोर एरवी कुणाला दोन मिनिटं बसू देत नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: पहिल्या खेपेला मजकूर वाचतच नाही. अक्षरांवर तळवा ठेवते आणि नुसती चित्रं बघायची. मूल जिथं बोट ठेवील तिथं थांबायचं. "ह्याला काय वाटत असंल?" एवढं एकदा विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणंच आयांना जड जातं. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही की त्या स्वतःच सांगून मोकळ्या होतात.

दुसरी चूक भीतीची. ‘लांडगा आला रे आला’ सांगायची आणि वर डोळे वटारायचे. टोरांटो विद्यापीठातल्या कांग ली यांच्या गटानं ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर प्रयोग करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. लांडग्याची गोष्ट ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. खरं बोलल्याबद्दल बापानं कौतुक केलं, अशी गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. मला त्याचं नवल वाटलं नाही. भ्यालेलं मूल फक्त स्वतःचाच विचार करतं.

पुस्तकाची छडी करू नका. "बघ, ह्यातला बाळू कसा वाटून खातो, आणि तू?" असं एकदा म्हणा, त्या पुस्तकाला मूल पुन्हा हात लावणार नाही.

सगळी पुस्तकं सशा-अस्वलांचीच नकोत. टोरांटोतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. पात्रं माणसं होती तेव्हा मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले, कपडे घातलेले प्राणी होते तेव्हा नाही. भाजीवाली, कचरागाडीवरचे काका, चष्मा लागलेली मुलगी, अशी माणसं पुस्तकात असू द्यात.

तीन वर्षांच्या मुलाला "तिच्या जागी तू असतास तर?" विचारून दमवू नका. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. तोवर "ती रडालीय, पाणी देऊया" एवढं पुरे.

आणि छापील भाषेला चिकटून राहू नका. पुस्तकात ‘तो रडत आहे’ असलं तरी मी ‘त्यो रडालाय’ असंच वाचते. घरातलं रडणं ज्या शब्दांत असतं त्याच शब्दांत पुस्तकातलं आलं की मूल लगेच वळून बघतं. शुद्ध मराठी शाळेत येतेच की.

परवा एक आई म्हणाली, सुट्टीत पन्नास पुस्तकं संपवायचीत, यादी द्या. मी दिली नाही. पुस्तकांना तोटा नाही; प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात. तिला मी एकच पुस्तक दिलं आणि महिनाभर तेच वाचायला सांगितलं. दहाव्या दिवशी तिचा फोन आला. मुलगा रोज एकाच पानावर अडतोय, पुढं जाऊच देत नाही, काय करू?

मी विचारलं, त्या पानावर कोण आहे?