समुद्रतळाच्या वाटण्या शिकायला निघालेल्यांसाठी

किनाऱ्यापासून बारा मैल देशाचा समुद्र, दोनशे मैलांपर्यंत मासे-खनिजांवर हक्क, हे सगळं पाठ असलेली आणि आता ‘कॉन्टिनेन्टल शेल्फवरच काम करायचंय’, म्हणजे देशाच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळाच्या हक्कांवर, म्हणणारी मुलं-मुली अधूनमधून माझ्याकडे येतात. निम्मी भूशास्त्राची, निम्मी कायद्याची. मी स्वतः भूशास्त्राच्या बाजूने या विषयात आले, त्यामुळे हे लिखाण जरा त्या बाजूला झुकलेलं वाटेल. कायद्यावाल्यांनीही वाचावं, त्यांचाही खड्डा याच रस्त्यावर आहे.

आधी कडू ते सांगते. यात नोकऱ्या फार नाहीत. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा विधी व करार विभाग, डेहराडूनचं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय, वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र (भारताच्या दाव्यासाठीच्या सर्वेक्षणांचा समन्वय गोव्यातूनच झाला, हे कित्येक गोवेकरांनाही माहीत नसतं) आणि मोजकी विधी विद्यापीठं. एवढंच. पगारासाठी येणार असाल तर येऊ नका. पण या विषयाला माणसं कमी पडतात हेही तितकंच खरं. गाळाच्या जाडीचा आलेख आणि निवाड्याचा परिच्छेद हे दोन्ही वाचता येणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही.

आता तो सापळा. इथे मी पाल्हाळ लावणार आहे.

समुद्रकायद्याच्या १९८२ च्या कराराचं कलम ७६ वाचलं की भूशास्त्राचा विद्यार्थी हरखतो. शाळेत शिकलेली समुद्रबूड जमीन, म्हणजेच कॉन्टिनेन्टल शेल्फ, साधारण दोनशे मीटर खोलीवर संपते. इथे मात्र ती खंडान्त उतार ओलांडून पुढे जाते. उताराचा पायथा शोधायचा. तिथून ६० सागरी मैल पुढे जायचं, किंवा जिथे गाळाची जाडी पायथ्यापर्यंतच्या अंतराच्या किमान १ टक्का भरते तिथवर. वरून दोन लगाम: आधाररेषेपासून (किनाऱ्यालगतची, जिथून सगळी अंतरं मोजतात ती रेषा) ३५० सागरी मैल, किंवा २५०० मीटर खोलीच्या रेषेच्या पुढे १०० सागरी मैल. बंगालच्या उपसागरात तर गंगा-ब्रह्मपुत्रेने आणून टाकलेला गाळ कित्येक किलोमीटर जाड. मला वाटलं, सीमेचं उत्तर इथेच आहे. ज्याची भूकंपीय माहिती (ध्वनिलहरी सोडून मोजलेले तळाखालचे थर) सरस, त्याचा तळ. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच समजुतीवर उभं होतं, आणि मार्गदर्शकांनी ते एकाही शेऱ्याशिवाय पुढे पाठवलं.

कलम ७६ शेजाऱ्याबरोबरच्या सीमेबद्दल काहीही सांगत नाही. त्याच कलमाचा दहावा परिच्छेद तसं स्पष्ट म्हणतो, आणि सगळे तो गाळून वाचतात. शेतीवाल्या घरातल्यांना हे लवकर कळतं: माळाच्या टोकाला वनखात्याची हद्द कुठे लागते हा एक प्रश्न, शेजाऱ्याबरोबरचा बांध कुठून जातो हा दुसरा. कलम ७६ वनखात्याकडच्या हद्दीचं आहे, म्हणजे आपला तळ कुठे संपतो आणि साऱ्या मानवजातीचा समाईक तळ कुठे सुरू होतो. बांधाचं कलम ८३. तिथे १ टक्का नाही, ६० मैल नाही, सूत्रच नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे सहमतीने न्याय्य तोडगा काढा, एवढंच म्हटलंय.

दोन प्रश्नांची दारंही वेगळी. पहिला न्यूयॉर्कच्या आयोगाकडे जातो, म्हणजे याच कराराखाली नेमलेल्या, कॉन्टिनेन्टल शेल्फच्या हद्दी तपासणाऱ्या आयोगाकडे. त्यात २१ सदस्य असतात, भूशास्त्र, भूभौतिकी किंवा जलसर्वेक्षणातले तज्ज्ञ. न्यायाधीश कोणी नाही. दुसरा प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावर सुटतो, नाहीतर न्यायालयात किंवा लवादापुढे. आणि खरी मेख आयोगाच्या कार्यपद्धतीच्या नियमांत, पहिल्या परिशिष्टात आहे: ज्या भागाबद्दल देशांमध्ये वाद आहे त्यावरचा दावा, वादातल्या सगळ्या देशांची संमती असल्याशिवाय, आयोग विचारात घेत नाही. म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं जहाजं फिरवून फाइल तयार करायची आणि शेजाऱ्याने एक पानी पत्र पाठवून ती कपाटात ठेवायला लावायची.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. म्यानमारने आपला दावा १६ डिसेंबर २००८ ला दाखल केला. भारताने ११ मे २००९ ला, म्हणजे जुन्या सदस्य देशांसाठीची १३ मे ची मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना. बांगलादेशाने २३ जुलै २००९ ला म्यानमारच्या दाव्यावर हरकतीचं पत्र दिलं आणि आयोगाने तो विचार पुढे ढकलला. आयोग म्हणणार, आधी वाद मिटवा. आता न्यायालयानेही ‘आधी आयोगाची शिफारस आणा’ म्हटलं असतं, तर दोघं एकमेकांकडे बघत बसले असते. हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय समुद्रकायदा न्यायाधिकरणाने १४ मार्च २०१२ च्या निकालात ही कोंडी फोडली आणि बांगलादेश-म्यानमार सीमा दोनशे मैलांच्या पुढेही आखली. दोनशे मैलांपलीकडे सीमा आखणारा हा जगातला पहिला निकाल.

भूशास्त्रवाल्यांनो, त्याच निकालातला पुढचा भाग दोनदा वाचा. बांगलादेशाचा युक्तिवाद अगदी आपल्या मनातला होता: उपसागराचा तळ आमच्या भूभागाचाच नैसर्गिक विस्तार आहे, आणि म्यानमारच्या किनाऱ्यासमोर भूपट्टांची सीमा असल्यामुळे त्यांचा विस्तार तिथेच तुटतो. भूशास्त्र म्हणून यात चुकीचं काही नव्हतं. न्यायाधिकरणाने ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की हक्क कलम ७६ च्या सूत्रांनुसार खंडसीमेच्या (खंडाचा पाण्याखालचा भाग, उतार आणि पायथ्यासकट) बाहेरच्या कडेवरून ठरतो, खडकांच्या उगमावरून नाही. गाळाचा थर म्यानमारसमोरही आहेच, म्हणून त्यालाही हक्क आहे. तळ कोणाचा ‘सर्वात नैसर्गिक’ विस्तार, हा निकष वाटणीत चालला नाही. माझं प्रकरण जिथे संपत होतं तिथून न्यायाधिकरणाचं खरं काम सुरू झालं होतं.

घाबरू मात्र नका. भूशास्त्र वाया जात नाही, हक्क मुळात आहे की नाही हे त्याच्याशिवाय ठरत नाही. फक्त वाटणीच्या वेळी ते मागच्या बाकावर बसतं आणि पुढे किनाऱ्याचा आकार येतो.

किनाऱ्याच्या आकाराचं गणित समजून घ्यायचं असेल तर १९६९ च्या उत्तर समुद्राच्या खटल्यापासून सुरुवात करा. डेन्मार्क आणि नेदरलँड्सच्या मध्ये पश्चिम जर्मनीचा किनारा आत वळलेला. समान अंतराची रेषा (दोन्ही देशांच्या किनाऱ्यांपासून सारखीच दूर राहणारी) दोन्हीकडून काढली तर त्या दोन रेषा जर्मनीपुढे मिळतात आणि त्याच्या वाट्याला छोटासा त्रिकोण उरतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने समान अंतराची सक्ती नाही म्हटलं, तत्त्वं सांगितली आणि तिघांना परत वाटाघाटींना बसवलं. १९७१ मध्ये त्यांनी करार केले आणि जर्मनीचा वाटा वाढला. भारत आणि म्यानमारच्या मध्ये बांगलादेशाची गत तीच. म्हणून २०१२ मध्ये म्यानमारच्या बाजूला समान अंतराची रेषा वळवून २१५ अंशांच्या (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या) दिशेने नेली गेली, आणि भारताबरोबरच्या लवादात ७ जुलै २०१४ ला १७७ अंश ३० मिनिटांच्या दिशेने. बांगलादेशाची मागणी १८० अंशांची होती, भारताचं म्हणणं समान अंतराचं.

या २०१४ च्या निवाड्याबद्दल वर्तमानपत्रांतले आकडे उचलू नका. बातम्यांत छापून येतं की वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. निवाडा स्वतः ४,०६,८३३ चौरस किलोमीटर क्षेत्र धरतो आणि त्यातले १,०६,६१३ बांगलादेशाकडे, ३,००,२२० भारताकडे जातात, म्हणजे १ ला २.८१. एकात फक्त दोन दाव्यांमधली पट्टी मोजलीय, दुसऱ्यात दोन्ही किनाऱ्यांसमोरचं सगळं संबंधित क्षेत्र. कोण जिंकलं ते कुठलं क्षेत्र मोजता यावर ठरतं. भारत-बांगलादेश सीमेवरच्या न्यू मूर उर्फ दक्षिण तालपट्टी बेटाचंही तसंच. १९७० च्या चक्रीवादळानंतर वर आलेल्या आणि पुढे पाण्याखाली गेलेल्या त्या बेटावर दोन्हीकडे किती शाई सांडली! लवादाने त्यावर आधारबिंदू (रेषा मोजायला सुरुवात करायचा बिंदू) धरायला नकार दिला आणि पुढे गेला.

त्यापेक्षा वेळ द्या ‘करड्या क्षेत्रा’ला. रेषा वळवल्यामुळे असा एक भाग तयार झाला जो भारतापासून दोनशे मैलांच्या आत आणि बांगलादेशापासून दोनशे मैलांच्या पलीकडे आहे, पण रेषेच्या बांगलादेशाकडच्या बाजूला. तिथे तळ बांगलादेशाचा आणि वरचं पाणी, म्हणजे मासे वगैरे, भारताचं. एकाने तळात विहीर खोदायची म्हटली तर दुसऱ्याच्या पाण्यातून जावं लागणार. कसं निभवायचं ते लवादाने दोन देशांवर सोडलं. लवादातले भारतीय सदस्य डॉ. पी. एस. राव यांचं भिन्नमत या वळणावरच आहे. माझा हट्ट म्हणा, पण मी विद्यार्थ्यांना भिन्नमत आधी वाचायला देते. बहुमताने काय गुळगुळीत केलंय ते तिथे दिसतं.

आता शॉर्टकटबद्दल. स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या नोट्समध्ये हा विषय दीड पानात येतो आणि त्यात कलम ७६ व ८३ हमखास एकत्र कालवलेले असतात. फेकून द्या. निकालांचे सारांशही सुरुवातीला नकोत. तोंडी युक्तिवादांची इतिवृत्तं वाचा, उपलब्ध आहेत, आणि वकील न्यायाधीशांना नकाशा कसा समजावतो ते तिथेच शिकायला मिळतं. मार्गदर्शक एक नसावा, दोन असावेत, एक खडकांचा आणि एक कलमांचा, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसेल तर उत्तमच. ‘आधी पेपर छापून टाक, मग बघू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. असा मार्गदर्शक प्रेमळ असतो, त्यामुळे ओळखायला वेळ लागतो.

आणखी एक मत, न विचारता देते. सगळे खटल्यांच्या मागे धावतात, पण या क्षेत्रातलं बरंचसं चांगलं काम खटल्याविना झालंय. नॉर्वे आणि रशियाने बॅरेन्ट्स समुद्रातलं सुमारे १,७५,००० चौरस किलोमीटरचं वादग्रस्त क्षेत्र चाळीस वर्षांच्या घासाघाशीनंतर २०१० च्या करारात वाटून घेतलं. आपणही इंडोनेशियाशी १९७४ मध्ये, थायलंडशी १९७८ मध्ये, म्यानमारशी १९८६ मध्ये सीमा ठरवून घेतल्या. या करारांवर प्रबंध लिहिणारं मला क्वचितच कोणी भेटतं. विषय शोधताय ना? घ्या.

गणिताची भीती असेल तर सोडा. जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या संगणक प्रणालीत, समान अंतराची रेषा काढणं काही महिन्यांत येतं. कायद्याची भाषा जड जाते त्यांनाही तेच सांगेन, पहिले दोन निकाल रडवतात, तिसऱ्यापासून तीच वाक्यं पुन्हा भेटू लागतात. हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणात इंटर्नशिप मिळते, तिथेच उन्हाळी अकादमी भरते, आणि संयुक्त राष्ट्रं व निप्पॉन फाउंडेशनची फेलोशिप आहे. पहिल्यांदा नाही मिळाली तरी पुन्हा अर्ज करा. दुसऱ्या अर्जात लोक मोकळं लिहितात असं मी पाहिलंय.

आणि सुरुवात पत्रांपासून करा. आयोगाकडे आलेल्या दाव्यांखाली इतर देशांनी पाठवलेली पत्रं लावलेली असतात, सगळ्यांना वाचायला खुली. मलेशिया आणि व्हिएतनामने ६ मे २००९ ला संयुक्त दावा टाकला आणि दुसऱ्याच दिवशी चीनने नऊ तुटक रेषांचा (दक्षिण चिनी समुद्रावरचा आपला दावा दाखवणारा) नकाशा जोडून हरकत घेतली. त्या एका पत्रावर पुढे किती राजनय झाला ते तुम्हाला ठाऊक आहे. मग आपल्याकडचं बघा. बांगलादेशाने २०२० मध्ये सुधारित दावा दिला, भारताने २०२१ मध्ये त्यांच्या आधाररेषांवर हरकत घेतली, आणि बांगलादेशाने त्यावर उत्तर दिलं. सीमा २०१४ मध्येच ठरलेली असताना हे काय चाललंय? पत्रं छापून घ्या, प्रत्येक वाक्याच्या समासात ७६ किंवा ८३ लिहा. एखादं वाक्य दोन्हीकडे बसतंय असं वाटलं तर मुद्दाम तसं लिहिलंय का, ते तपासा. पंधरा दिवसांचं काम आहे, आणि त्याला कोणाची शिफारस लागत नाही.