स्क्रूचं डोकं गेलं? आधी हात थांबवा! गाडीवर काम करताना या चुका टाळा

पावसाळ्याआधी क्लच प्लेटा बदलायला किंवा कार्बोरेटर साफ करायला बसलेली मुलं हमखास माझ्याकडे येतात. "काका, स्क्रू फिरलाय." जाऊन बघावं तर डोक्यावरच्या फुलीची गोल वाटी झालेली असते. ही वाटी एका झटक्यात होत नाही. पेचकस पहिल्यांदा घसरला तेव्हा कडा नुसत्या दबलेल्या असतात. तेव्हा थांबलं तर पाच मिनिटांचं काम. पण त्यानंतर चिडून आणखी दहा वेळा फिरवलेलं असतं, आणि मला राग येतो तो या दहा वेळांचा.

घरातला एकच 'स्टार' सगळीकडे वापरणं

आपल्याकडे फुलीच्या प्रत्येक पेचकसाला स्टार म्हणतात. तोच पंख्याला, तोच गाडीला. यामाहाच्या आरएक्स १०० किंवा जुन्या हिरो होंडासारख्या जपानी घडणीच्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू मात्र जेआयएस या जपानी मापाचे. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी बारीक टिंब असतं, ती त्याची खूण. साधा फिलिप्स, म्हणजे घरातला नेहमीचा स्टार, त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तळाला नीट टेकत नाही. जोर लावला की वर चढतो आणि कडा खातो. शिवाय इंजिन कव्हरच्या ६ मिमी स्क्रूला तीन नंबरचं टोक लागतं, तिथे लोक दोन नंबरचं घालतात. टोक फुलीत ठेवून हलवून बघा, खळखळलं तर ते त्या स्क्रूचं नाही. माझी जेआयएसची दोन आणि तीन नंबरची टोकं वेगळ्या डबीत असतात, घरकामाला मी ती कुणालाही देत नाही.

टोक घालण्याआधी फुलीतला चिखल आणि रंग दाभणाने उकरून काढा. मग टोक बसवून मागून हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या, म्हणजे आट्यांतला गंज सुटतो. त्यानंतर अंगाचा भार टाकून फिरवा. दाब जास्त, पीळ कमी.

एवढ्याने हलला नाही तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ठोका बसला की टोक फुलीत आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतं. एक किलोची हातोडी घ्या आणि एकच भरीव ठोका द्या, टकटक करत बसू नका. त्याआधी ड्रायव्हरची दिशा तपासा, कारण उलट्या दिशेला लावलेला ड्रायव्हर स्क्रू आणखी आवळतो. ब्रेक ऑइलच्या डबीवर मात्र हे हत्यार चालवू नका, डबी तडकेल.

ईझी-आऊटवर उडी मारणं

ईझी-आऊट म्हणजे अडकलेल्या स्क्रूला भोक पाडून त्यात उलटी पिळायची निमुळती कांडी. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक मुलगा आजोबांची आरएक्स १०० मालवणहून पुण्याला घेऊन आला. गाडी कित्येक वर्षं पडवीत, खाऱ्या हवेत उभी होती. स्क्रू पोलादाचा, केसिंग म्हणजे इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. या दोन धातूंत खारा ओलावा शिरला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत पांढरी भुकटी घट्ट बसते. क्लच कव्हरचे बाकीचे स्क्रू निघाले, एकाची वाटी झाली. मुलाने व्हिडिओ बघून स्क्रूला तिरकंच भोक पाडलं आणि त्यात ३ मिमीचा ईझी-आऊट पिळला. तो आत तुटला.

ईझी-आऊट कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्यावरून नुसतं घसरतं. शेवटी इंजिन उतरवून भोसरी एमआयडीसीत नेलं आणि तिथल्या एका वर्कशॉपमध्ये स्पार्क मशीनवर तो तुकडा जाळून काढला. नंतर भोकात नव्या आट्यांसाठी इन्सर्ट, म्हणजे आत बसणारा आटेदार तुकडा, बसवला. एका स्क्रूपायी गाडी तीन आठवडे उघडी पडली होती.

अरे, ६ मिमीचा अख्खा स्क्रू जिथे हलत नाही, तिथे त्याच्या पोटात घातलेली ३ मिमीची निमुळती कांडी काय करणार? उलट ती स्क्रूला आतून फुगवते आणि आटे जास्तच आवळले जातात.

त्याने फक्त डोकं उडवायला हवं होतं. झिजलेली फुली ड्रिलला आपोआप मध्य दाखवते. आधी ३ मिमी, मग ६.५ मिमीचं ड्रिल घेऊन सावकाश चालवलं की डोकं सुटून येतं. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताण जातो. कव्हर काढल्यावर दांडा बाहेर उभा राहतो, तो लॉकिंग पक्कडीत धरायचा. केसिंग हॉट एअर गनने तापवलं तर आणखी सोपं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गन लावण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, यात सवलत नाही.

बाकीच्या चुका

डब्ल्यूडी-४० चा तेलाचा फवारा मारून लगेच फिरवणं: मी संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडतो आणि सकाळी हात लावतो.

पकड मिळावी म्हणून फुलीत रबर बँड घालणं: सैल स्क्रूला चालेल, गंजलेल्याला नाही.

स्वस्त ॲलन की (षटकोनी किल्ली) वापरून जोर लावणं: ब्रेक डिस्कच्या बोल्टवर लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद असतो, म्हणून बोल्ट आधी तापवा.

सगळेच आटे उजवे समजणं: यामाहाच्या उजव्या आरशाचा आटा उलटा असतो.

खराब स्क्रू परत लावणं: हे मी कुणालाही करू देत नाही. त्याच लांबीचे ॲलन स्क्रू आणा, आट्यांना किंचित ग्रीस लावा आणि ६ मिमीला ८ ते १० न्यूटन-मीटरच्या पुढे आवळू नका. कव्हरच्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढतो आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवतो. त्या मालवणच्या गाडीचा पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे, एक भोक रिकामं असलेला.