कढीपत्ता बाहेर काढण्याची घाई आणि इतर चुका

एप्रिल संपत आला की फोन सुरू होतात. "काका, हिवाळाभर खिडकीत जपलेला कढीपत्ता बाहेर ठेवला आणि गेला हो!" मी विचारतो, रात्री पारा कितीवर उतरला होता? पलीकडे शांतता. दुपारी किती ऊन होतं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आमचं घर न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्सच्या बाजूला, गावाबाहेर, जरा खोलगट जागेत. इथे कढीपत्ता, मोगरा, जास्वंद मे अखेर ते दसरा बाहेर, उरलेलं वर्ष घरात. कोणी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून कुंड्या बाहेर काढतात. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती. कोकणात ठीक आहे, इथे त्या सुमारास पहाटे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो.

मी मुहूर्त पाहत नाही, तेव्हा इथल्या शेजाऱ्यांचा नेम पाळायचो: मदर्स डे झाला की कुंड्या बाहेर. त्या वर्षी तो १४ मेला होता. अकरा कुंड्या ओट्याखाली नेऊन मांडल्या. १७ तारखेला संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, फोनवर गोठणाऱ्या थंडीचा इशारा. बायको म्हणाली, "अहो, आत घेऊ या का?" मी म्हटलं, मे महिना आहे, कंबर मोडून घेऊ नकोस. पुढच्या चार कुंड्यांवर जुन्या चादरी टाकल्या आणि झोपलो. १८ला सकाळी पानं काचेसारखी दिसत होती, दुपारपर्यंत शिजलेल्या पालकासारखी काळी पडून लोंबली. आसपासच्या द्राक्षमळ्यांतले कोवळे फुटवेही त्याच पहाटे जळाले, म्हणजे फटका एकट्या मला नव्हता. पण मळा उचलून आत नेता येत नाही, कुंडी येते.

निरभ्र, निवांत रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खोलगट जागी येऊन साचते. फोनमधला आकडा तुमच्या परसाचा नसतो. तेव्हापासून कुंडीच्या उंचीवर एक स्वस्तातला थर्मामीटर टांगलाय, रात्रीचा नीचांक धरून ठेवणारा. सलग आठवडाभर तो ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली गेला नाही, तरच कढीपत्ता बाहेर. तारीख कुठलीही असो.

आणि काळं पडलेलं झाड लगेच फेकू नका. खोडाची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. मी वीतभर खोड ठेवून वरचं छाटलं आणि पाणी बेतानं दिलं. जूनच्या शेवटी बुंध्याशी लालसर कोंब आला. अकरापैकी तीन मात्र गेलीच.

दुसरी चूक हिवाळ्यातली, आणि ती मायेपोटी होते. जानेवारीत कढीपत्त्याची पानं पिवळी होऊन गळतात. एका मित्राने घाबरून रोज पाणी सुरू केलं, वर आईने सांगितलं म्हणून दर रविवारी आंबट ताक. बंद घरात ताकाचा वास, कुंडीभोवती चिलटं, आणि मार्चमध्ये उपटलं तर मुळांचा तपकिरी लगदा. अरे, थंडीत झाड झोपलेलं असतं, झोपलेल्याच्या तोंडात कोणी पाणी ओततं का? मी बोट दोन पेरं मातीत खुपसतो, कोरडं लागलं तरच पाणी. ताक उन्हाळ्यात, बाहेर, पातळ करून.

थेट उन्हात ठेवणं ही घाईची धाकटी बहीण. काचेआडचा उजेड म्हणजे ऊन नव्हे, पानांवर पांढरे चट्टे पडतात. पहिला आठवडा पडवीत सावलीला, मग रोज थोडं थोडं ऊन.

खत नवा कोंब दिसल्यावरच. लवकर वाढावं म्हणून एकदम बादलीएवढी कुंडी देऊ नका, एक माप मोठी पुरे. दसऱ्याला आत घेताना पानांची मागची बाजू बघा: खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असेल तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसा, नाहीतर नाताळात खिडकीखालचं टेबल चिकट होतं. हळदीचे कंद कोरडे करून ठेवा, ओल्या मातीत तळघरात टाकलेत तर वसंतात नुसता चिखल. तुळस जुनी होऊन लाकूड झाली असेल तर ओढाताण करू नका, बियांसाठी मंजिऱ्या ठेवा. आणि भारतातून कढीपत्त्याची रोपं किंवा ताजी पानं बॅगेतून आणू नका. त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड येते, म्हणून बंदी आहे.

आज ९ मे. बाहेर छान ऊन आहे, बायको दोनदा विचारून गेली. काल रात्रीचा नीचांक ४३ फॅरनहाइट. कुंड्या खिडकीतच आहेत.