लिथियम चालू आहे? मग या चुका टाळा

"एकच पान द्या हो, डॉक्टरांकडे गर्दी असते." लिथियम हे मनाच्या आजाराचं औषध चालू असलेल्या माणसासाठी गुडघेदुखीची गोळी अशी मागतात. मी देत नाही. बावीस वर्षं मेडिकल चालवतोय, त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

आमच्याकडे एक गुरुजी येत. बायपोलरसाठी, म्हणजे मन टोकाच्या उत्साहात नि टोकाच्या उदासीत जाण्याच्या आजारासाठी, पंधरा वर्षं लिथियम, तब्येत ठणठणीत. माझं कॅल्क्युलेटर उघडायच्या आत बिल तोंडी सांगायचे. एका उन्हाळ्यात पाय दुखतात म्हणून शेजाऱ्याकडच्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं. वर जुलाब लागले. हात थरथरून चहा बशीत सांडायला लागला, तर घरचे म्हणाले, वय झालं. जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. रक्तात लिथियम २.८. एरवी ते साधारण ०.६ ते १.० ठेवतात. डायलिसिस झालं, आकडा खाली आला, पेढे वाटले.

आकडा उतरला की मेंदूही सुटला असं धरून चालणं, ही दुसरी चूक. लिथियम मेंदूत सावकाश शिरतं आणि सावकाशच निघतं. औषध थांबवून दोन महिने उलटल्यावरही त्रास राहिला, तर डॉक्टर त्याला 'सायलेंट' म्हणतात; लिथियमने मेंदूला झालेली कायमची इजा, याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे. मार मुख्यतः लहान मेंदूला बसतो. अडखळती चाल, जड बोलणं लगेच दिसतं. आठवण, लक्ष, हिशेब गेल्याचं घरच्यांना फार उशिरा कळतं, आणि तोवर माणूस आळशी ठरलेला असतो. थायरॉइड मात्र तपासून घ्या. लिथियमने तोही मंदावतो, आणि ती सुस्ती औषधाने जाते.

सकाळची गोळी घेऊन लेव्हल तपासायला जाऊ नका, शेवटच्या गोळीनंतर १२ तास हवेत. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं, अशा नळीत रक्त घेतलं तर आकडा खोटा वाढतो, लॅबवाल्याला आधीच सांगा. बीपीसाठी मीठ एकदम तोडू नका. उन्हाळ्यात निर्जळी उपास नको. जुलाब-उलट्या लागल्या की पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन. आणि घाबरून आपल्या मनाने लिथियम बंद करणारे शहाणे तर विचारूच नका, त्यांचा आजार उलटायचा धोका वाढतो.

मी खोक्यावर लाल पेनाने लिहून देतो: 'दुखण्याची गोळी विचारून.'

गुरुजी अजून येतात, पाय फाकवून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. सुटे पैसे दिले की तीनदा मोजतात आणि मुलाकडे बघतात.