पावसात डिस्क ब्रेक लागेना : माझा अनुभव

हिमाचलमधली स्टेज रेस (अनेक दिवसांची, टप्प्याटप्प्याची सायकल शर्यत), जलोडी खिंडीचा उतार, पाऊस. लीव्हर घट्ट, पण सायकल थांबेना. डिस्क, म्हणजे चाकावरची ब्रेकची धातूची चकती, किंचाळत होती. ऑइल बदललं, पॅड पॉलिशपेपरने घासले. चिखल लागला की पुन्हा तेच. अगदी रडकुंडीला आलो.

माझे पॅड रेझिनचे (राळेने बांधलेले, मऊ) होते; ते ओल्या रेतीत भराभर झिजतात. सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) पॅड घातले आणि प्रश्न सुटला. आधी डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं नाही ना, ते बघा; असेल तर सिंटर्ड पॅड चालत नाहीत. चाक आणि जुने पॅड काढा. पॅड ढकलणारे पिस्टन पुसून प्लास्टिकच्या टायर लीव्हरने हळूच आत ढकला. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नंतर बोट लावू नका. नवे पॅड, चाक बसवा, लीव्हर घट्ट होईपर्यंत दाबा. मग सपाट रस्त्यावर ताशी 20 किमीवरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, प्रत्येक ब्रेक 20 वेळा लावा. हे टाळलं तर नवे पॅडही नीट पकडत नाहीत.