काटा चढतोय? आधी जाळी बघा

पारा ४५ अंशांवर गेला की आपल्याकडे गाडीत इंजिनच्या तापमानाचा काटाही वर सरकतो, अन् मेस्त्री भेटतो थेट तालुक्याला. बिघाड कुठं आहे हे निम्मं आपल्यालाच कळू शकतं.

१. उभी असताना किंवा हळू चालताना काटा चढतो, वेगात उतरतो : पंखा तपासा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा लगेच फिरतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा छोटा स्विच) बघा.

२. वेगात किंवा चढावर काटा चढतो : कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी, नाहीतर रेडिएटरची जाळी बुजलेली. आपल्या भागात मला आधी शंका जाळीचीच येते. सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गच्च बसतात, समोरून दिसतही नाहीत. टॉर्च मारून बघा. इंजिन थंड झाल्यावर आतल्या बाजूनं बाहेर, साध्या नळीनं पाणी मारा. प्रेशरचं पाणी नको, पातळ पत्रे वाकतात.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल. तरी चढत राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.